नाशिकहून विमानाने एका मुक्कामात थीम पार्क जमेल का? सोबत दोन मुलं आहेत.

जमेल, हैदराबाद धरा. शमशाबाद विमानतळ, वंडरला आणि रामोजी फिल्म सिटी तिन्ही आउटर रिंग रोडला धरून आहेत, त्यामुळे शहरात शिरावंच लागत नाही. मात्र एका मुक्कामात दोन्ही पार्क कोंबू नका. मुलांना राइड हव्या असतील तर रावीर्यालचं वंडरला, विमानतळाजवळ तेच.

आधी ओझरची, म्हणजे नाशिकच्या विमानतळावरच्या विमानाची वेळ पाहा, मग पार्कचं तिकीट. ओझरहून विमानं मोजकीच. एक रद्द झालं की त्या दिवसाचा बेत गेलाच. पर्याय म्हणून शिर्डीची वेळही पाहून ठेवा. चेक-इन काउंटर ६० मिनिटं आधी बंद होतं आणि नाशिकचा द्वारका चौक कधी अडकवेल सांगता येत नाही, म्हणून घरातून तीन तास आधी निघा.

पोहोचाल त्या दिवशी फक्त मुक्काम, तोही शमशाबादकडेच. दुसऱ्या दिवशी गेट उघडतानाच आत शिरा. मोठ्या राइड आधी, कारण पाण्याचा भाग उशिरा सुरू होतो आणि नंतर रांगा वाढतात. पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे घरूनच न्या. मुलांची उंची मोजून ठेवा. राइड वयावर नाही, उंचीवर मिळते. परतीचं विमान रात्रीचं नसेल तर मुक्काम दोन करा.

केबिन बॅग ७ किलोची. ओले कपडे पिळूनच भरा, वजन तिथंच वाढतं. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत नको.