दोन स्वस्त ग्राफिक्स कार्डं जोडली तर एका चांगल्या कार्डापेक्षा भारी पडतात का?

तुमच्याकडे आरएक्स ५८० (एएमडीचं ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड) आहे, मदरबोर्ड बी४५०, आणि तसलंच दुसरं कार्ड सेकंडहँड मिळतंय म्हणून दोन्ही क्रॉसफायरमध्ये (एएमडीची दोन कार्डं एकत्र चालवायची सोय) लावू की जुनं विकून एकच नवीन घेऊ असं विचारलंय. गेमिंगसाठी असेल तर दुसरं ५८० फुकट मिळालं तरच लावून बघा, पैसे देऊन घेऊ नका.

जुने व्हिडिओ बघून मोह होतो हे खरंय. २०१६ ला एएमडीने स्वतःच दोन आरएक्स ४८० लावून एनव्हिडियाच्या जीटीएक्स १०८० ला टक्कर दिलेली दाखवली होती, पण तो गेम होता ॲशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी, ज्याच्या डेव्हलपर्सनी एकापेक्षा जास्त कार्डांचा सपोर्ट गेममध्येच लिहिला होता. असा सपोर्ट बाकी कोण देत बसलंय? एनव्हिडियाने तर जीटीएक्स १०६० ला एसएलआयचा (त्यांची क्रॉसफायरसारखी सोय) कनेक्टरच ठेवला नव्हता, २०१९ च्या आरएक्स ५७०० पासून एएमडीनेही क्रॉसफायर सोडून दिलं आणि जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियाने एसएलआयचे नवीन प्रोफाइल (त्या त्या गेमसाठी लागणाऱ्या सेटिंग्ज) बनवणं बंद केलं. म्हणजे आज नवीन गेम टाकलात की बहुतेक वेळा एक कार्ड राबणार आणि दुसरं नुसतं पडून राहणार.

आणि जिथे चालतं तिथेही गंमत बघा. दोन कार्डं आलटून पालटून फ्रेम काढतात, एक याने एक त्याने. ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम) म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदाला एक फ्रेम यायला पाहिजे, पण समजा एक ५ मिलिसेकंदात आली आणि पुढची २८ मध्ये, तर कोपऱ्यातला आकडा ६० च दाखवतो आणि डोळ्याला मात्र ३५ च्या आसपास वाटतं, यालाच मायक्रोस्टटर म्हणतात. त्यात आताचे गेम टीएए (कडा गुळगुळीत करायची पद्धत) वापरतात, त्यासाठी आधीच्या फ्रेमचा डेटा लागतो आणि तो असतो दुसऱ्या कार्डात, म्हणून कार्डं एकमेकांची वाट बघत बसतात. मेमरीही १६ जीबी होत नाही हां, तोच डेटा दोन्हीकडे भरावा लागतो म्हणून ८ ची ८ च राहते, आणि नवीन गेममध्ये ५८० अडकतं त्यात हेही एक कारण असतं.

बी४५० च्या बऱ्याच बोर्डांवर दुसरा लांब स्लॉट दिसायला सारखा असला तरी आत चारच लेन (डेटा जायच्या वाटा) असतात, मॅन्युअल उघडून बघा. एका ५८० ला १८५ वॉट लागतात, दोनला ३७०, म्हणजे एसएमपीएसही (पॉवर सप्लाय) बहुधा बदलावा लागेल आणि खोलीत हीटर लावल्यासारखं होईल. त्याऐवजी आरएक्स ६६०० घेतलं तर १३२ वॉटमध्ये भागतं, एकट्या ५८० पेक्षा बरंच फास्ट आहे आणि प्रत्येक गेममध्ये फास्ट आहे, मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

दोन कार्डांचा खरा उपयोग गेमिंगच्या बाहेर होतो. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्समध्ये (त्याचा चित्र तयार करणारा भाग) रेंडर करताना काम वाटून घेता येतं आणि वेळ खरंच कमी होतो, किंवा घरच्या पीसीवर एआय मॉडेल चालवायचं असेल तर १२ जीबीची दोन आरटीएक्स ३०६० लावून लामा डॉट सीपीपी हे सॉफ्टवेअर मॉडेलचे लेयर (थर) दोन्हीत विभागतं, तिथे २४ जीबी मेमरी हाताशी येते. पण ५८० घेऊन हे करायला जाऊ नका, ब्लेंडर ३.० ला ओपनसीएल (अशा कार्डांवर रेंडर करायचा जुना मार्ग) काढल्यापासून या कार्डावर सायकल्सचं जीपीयू रेंडरिंग होतच नाही.

जुनं विकताना जीपीयू-झेडचा (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) स्क्रीनशॉट टाका. शेडर्स (कार्डातले गणना करणारे छोटे कोअर) २३०४ दिसले तर पूर्ण ५८०, २०४८ दिसले तर ते कापलेलं २०४८एसपी मॉडेल, आणि समजून घेणारा गिऱ्हाईक याच फरकावर भाव ठरवतो.