आयर्लंडमध्ये जमीनदाराला मुलगा नसेल, तर इस्टेट कोणाकडे जात असे?

आयर्लंडमधील जमीनदारी इस्टेटी दोन-दोनशे वर्षे एकाच घराण्यात कशा टिकल्या आणि मुलगा नसल्यास त्या कोणाकडे जात, असे आपण विचारले आहे. रॉसकॉमन काउंटीतील स्ट्रोक्सटाउन पार्कच्या इतिहासात या दोन्ही प्रश्नांची उत्तरे सापडतात.

ही जमीन सतराव्या शतकात महॉन घराण्याकडे आली. अशा घराण्यांत ज्येष्ठ मुलाला बहुधा पूर्ण मालकी मिळत नसे. कौटुंबिक करारनाम्याने त्याला तहहयात उपभोगाचा हक्क तेवढा मिळे. त्यामुळे जमिनीची वाटणी किंवा विक्री टळे, परंतु विधवा आईची वार्षिक नेमणूक, बहिणींचे हुंडे आणि धाकट्या भावांची रक्कम यांचा बोजा त्याच जमिनीवर चढे. तो अखेर कुळांच्या खंडातूनच फेडला जाई, आणि माझ्या मते या वारसापद्धतीतील खरा अन्याय हाच होता.

१८०० साली मॉरिस महॉन यांना बॅरन हार्टलँड हा उमरावाचा वंशपरंपरागत किताब मिळाला. तिसरे बॅरन मनोरुग्ण ठरले होते. १८४५ मध्ये ते निपुत्रिक वारले तेव्हा किताब लयाला गेला, कारण तो पहिल्या बॅरनच्या पुरुष वंशजांपुरताच होता. जमीन मात्र चुलतभाऊ मेजर डेनिस महॉन यांना मिळाली. थकलेला खंड आणि कर्ज वारशातच आले, आणि त्याच वर्षी बटाट्यावर रोग पडून दुष्काळ सुरू झाला. खर्च आटोक्यात आणण्यासाठी १८४७ मध्ये त्यांनी कुळांच्या कुटुंबांतील सुमारे १,४९० माणसांची कॅनडाला रवानगी केली. ही माणसे डब्लिनपर्यंत पायी गेली. पुढे जहाजांवर त्यांतील कितीतरी दगावली. २ नोव्हेंबर १८४७ रोजी महॉन यांची गोळी घालून हत्या झाली.

त्यांची मुलगी ग्रेस हिचा त्याच वर्षी हेन्री सँडफर्ड पाकेनहॅम यांच्याशी विवाह झाला होता. आपल्याकडील जहागीरदारांसारखी दत्तकाची सोय तेथे नव्हती. आयर्लंडमध्ये दत्तकाचा कायदाच १९५२ साली झाला. म्हणून इस्टेट मुलीकडे गेली तेव्हा जावयाने सासऱ्यांचे आडनाव जोडून घेतले आणि घराणे पाकेनहॅम महॉन झाले. पुढे ऑलिव्ह या शेवटच्या वारसदार स्त्रीच्या दुसऱ्या पतीनेही तेच केले.

१९०३ च्या विंडहॅम कायद्याने सरकारी कर्जाच्या आधारे कुळे जमिनीची मालक होऊ लागली आणि अशा घराण्यांकडे वाडा व भोवतालची थोडी जमीन उरली. स्ट्रोक्सटाउनचा वाडा १९७९ मध्ये एका स्थानिक गॅरेज व्यवसायाने सामानासकट विकत घेतला. त्यातील दप्तरात क्लूनाही येथील कुळांनी १८४६ मध्ये केलेला, उपाशी मुलाबाळांसाठी काम मागणारा अर्ज सापडला. अशाच कागदांच्या आधारे १९९४ मध्ये तेथे दुष्काळाचे राष्ट्रीय संग्रहालय उभे राहिले.