घड्याळात ९७ दिसतंय, मग पोराला धाप का लागलीये?

प्रश्न : माझ्या मुलाला दमा आहे, वय सात. रात्री झोपताना त्याच्या हातात स्मार्टवॉच असतं. मागच्या सर्दीत एका रात्री त्याला खूप धाप लागली, पोट जोरजोरात हलत होतं, पण घड्याळात ऑक्सिजन ९७ होता म्हणून आम्ही सकाळपर्यंत थांबलो. डॉक्टर म्हणाले रात्रीच आणायला हवं होतं. घड्याळ चुकीचं दाखवत होतं का?
— एक आई

उत्तर : ताई, घड्याळ चुकलंच असेल असं नाही. कदाचित ९७ खरंच होता, आणि तरीही तुमच्या मुलाला डॉक्टरांची गरज होती. दम्याच्या अटॅकमध्ये श्वासनळ्या आवळतात, आतून सुजतात, चिकट कफ साचतो, मग मूल जास्त भराभर आणि जास्त जोर लावून श्वास घ्यायला लागतं आणि त्या जोरावर बराच वेळ ऑक्सिजन टिकवून धरतं. त्यासाठी त्याला किती कष्ट पडतायत हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही. आकडा घसरतो तो उशिरा, मूल थकायला लागल्यावर.

त्यात घड्याळाची स्वतःची मर्यादा आहेच. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरमध्ये प्रकाश बोटातून आरपार जातो, घड्याळ मात्र मनगटावरून परत आलेला प्रकाश मोजतं, त्यामुळे पट्टा सैल असला, हात गार पडला, मूल कुशीवर वळलं की रीडिंग बिघडतं. लहान मुलांचं मनगट बारीक, तिथे तर पट्टा नीट बसतच नाही. शिवाय सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो, अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०२१ मध्ये यावर जाहीर सूचना काढली होती, आणि ती बोटाच्या ऑक्सिमीटरबद्दल होती!

म्हणून मी पालकांना नेहमी सांगते, आधी अंगातला शर्ट वर करून छाती बघा. बरगड्यांमधली किंवा गळ्याखालची जागा आत ओढली जातेय का, नाकपुड्या फुलतायत का, एक वाक्य सलग बोलता येतंय का. श्वास मोजा, पूर्ण एक मिनिट, मूल शांत असताना. एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त आणि पाचच्या पुढे ३० च्या वर म्हणजे श्वास वाढलाय. जागा आत ओढली जात असेल, बोलताना दम तुटत असेल, किंवा तातडीचा पंप (रिलिव्हर) देऊनही आराम नसेल किंवा तो फार वेळ टिकत नसेल तर घड्याळात काहीही असो, निघा. ओठ निळसर दिसले, मूल गळून गेलं, गुंगीत जायला लागलं, किंवा छातीतला शिटीसारखा आवाज एकदम थांबला पण मूल थकलेलंच आहे, तर अजिबात वेळ घालवू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा आणि वाटेतही पंप चालू ठेवा. बोटाच्या ऑक्सिमीटरवर ९२ च्या खाली आलं तरी तेच. आकडा कमी आला तर घाई करायची, पण आकडा चांगला आला म्हणून थांबायचं नाही.

प्रश्न : मग घड्याळ काढूनच टाकू का?
— त्याच आईचा पुढचा प्रश्न

उत्तर : नको, राहू द्या. झोपेतले हार्ट रेट आणि श्वासाचा वेग (घड्याळ तो मोजत असेल तर) रोज बघत गेलात की तुमच्या मुलाचं नेहमीचं काय ते कळतं, आणि लागोपाठ दोन-तीन रात्री त्यापेक्षा चढ दिसली, झोपेत चुळबूळ वाढली, तर दम्याकडे लक्ष द्यायची वेळ आली असं समजा. ताप आला तरी हार्ट रेट वाढतोच, म्हणून नुसत्या त्यावरून औषध कमी-जास्त करू नका. आणि साल्ब्युटामॉलचा, म्हणजे तातडीचा पंप दिल्यावर छाती धडधडते, हात थरथरतात, तेव्हा घड्याळाचा ॲलर्ट वाजला म्हणून घाबरून पुढचा डोस अडवू नका, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या प्लॅननुसारच चाला.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची आहे. घरी दम्यावर लक्ष ठेवायला एकच वस्तू घ्यायची तर कुठली?
— एक बाबा

उत्तर : तिचा रोजचा प्रिव्हेंटर पंप (दमा आटोक्यात ठेवणारा, त्रास नसतानाही घ्यायचा) चुकत असेल तर पंपाला लागणारा सेन्सर. पंप कधी दाबला त्याची तो नोंद ठेवतो, काही आठवणही करतात. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला शाळकरी मुलांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात आठवण करणारं यंत्र असलेल्या मुलांनी साधारण ८४ टक्के डोस घेतले, बाकीच्यांनी ३० टक्के. फरक बघा केवढा! पण सेन्सर फक्त पंप दाबला एवढंच सांगतो, औषध छातीत गेलं की नाही ते नाही, म्हणून पंप स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून, तुमच्यासमोर घेऊ द्या.

डोस चुकत नसतील तर साधा पीक फ्लो मीटर (जोरात फुंकल्यावर हवा किती वेगाने बाहेर पडते ते मोजणारं यंत्र) घ्या, त्याला ना बॅटरी लागते ना ॲप. बरी असताना दोनेक आठवडे रोज मोजून तिचा सगळ्यात चांगला आकडा काढा, दर वेळी तीनदा फुंकायचं आणि मोठा आकडा लिहायचा. त्याच्या ८० टक्क्यांच्या वर ठीक, ५० ते ८० मध्ये सावध, ५० च्या खाली इमर्जन्सी. पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलांना हे नीट जमत नाही.

आणि दादा, एक विनंती. सेन्सरवर डोस चुकलेला दिसला की तिला रागावू नका. रागावलात तर ती पंप हवेत दाबून मोकळी होईल आणि तुम्हाला ॲपवर सगळं छान दिसत राहील. का चुकला ते विचारा, चव आवडत नाही का, मैत्रिणींसमोर लाज वाटते का. आणि रात्री खोकल्याने उठली का, आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा रिलिव्हर लागला का, खेळताना मध्येच बसली का, हे वहीत लिहून पुढच्या तपासणीला घेऊन जा, डॉक्टर औषध ठरवतात ते मुख्यतः यावरूनच.