मॅमोग्राफीची व्हॅन आणि सेंट्रल रीडिंग: आधी बायोप्सीच्या जागा मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की लांबच्या वस्त्यांमधे मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेची, एक व्हॅन फिरवायची, इमेज एका सेंट्रल सर्व्हरवर पाठवायच्या, तिथे बसलेले रेडिओलॉजिस्ट रिपोर्ट करणार, तर इंटरनेट किती लागेल, मशीन कसलं घ्यावं आणि एआयवर किती भागेल. मी आधी सहा वर्षं अशाच व्हॅनवर टेक्निशियन होते आणि आता रीडिंग सेंटरला कोऑर्डिनेशन बघते, म्हणजे दोन्हीकडच्या शिव्या खाऊन झाल्यात, त्यामुळे जरा लांबण लावणार आहे. कंटाळा आला तर इमेजच्या साइजचा भाग सोडा पण रिकॉलचा, म्हणजे संशय आला म्हणून परत बोलावण्याचा, सोडू नका.

इंटरनेटचं आधी उरकून टाकते, कारण सगळ्यांना धास्ती त्याचीच असते आणि खरं सांगायचं तर तेच सगळ्यात सोपं आहे. एका बाईच्या चार इमेज असतात, प्रत्येक बाजूची वरून एक आणि तिरकी एक, म्हणजे आमच्या भाषेत सीसी आणि एमएलओ. ७० मायक्रॉन पिक्सेलचं मशीन धरलं तर मोठ्या डिटेक्टरवरची इमेज ३३२८ बाय ४०९६ ची येते, पिक्सेलला २ बाइट, म्हणजे इमेजला २७ एमबी आणि बाईमागे ११० एमबीच्या आसपास. दिवसाला ४० बायका झाल्या तरी साडेचार जीबीच्या आतबाहेर. १० एमबीपीएसचं अपलोड मिळालं तर तासाभरात सगळं जातं, २ चं मिळालं तर पाच तास, रात्री लावून झोपायचं. लॉसलेस कॉम्प्रेशन केलं की त्याहून कमी. टोमोसिंथेसिसवालं थ्रीडी मशीन घ्यायचं मनात असेल तर मात्र हा हिशोब मोडतो, तिथे एकाच बाईचा डेटा जीबीच्या घरात जातो, मग हार्ड डिस्क गाडीतून पाठवणंच स्वस्त आणि लवकर पडतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. रिपोर्ट त्याच दिवशी लागतो असं स्क्रीनिंगमधे, म्हणजे लक्षण नसलेल्या बायकांच्या तपासणीत, काही नसतं.

खरी भानगड वेगात नसते, पोच मिळण्यात असते. आमच्याकडे एकदा अपलोडची रांग नऊ दिवस अडकून पडली होती आणि कुणालाच पत्ता नाही, कारण व्हॅनमधल्या स्क्रीनवर हिरवी टिक येत होती. ती टिक "पाठवलं" ची होती, "मिळालं आणि साठवलं" ची नव्हती! डायकॉममधे (मेडिकल इमेज पाठवायच्या-साठवायच्या ठरलेल्या पद्धतीत) याच कामासाठी स्टोरेज कमिटमेंट नावाची सोय आहे, म्हणजे सर्व्हर उलट कळवतो की हो, आता माझ्याकडे नीट ठेवलंय, त्याआधी व्हॅनमधली कॉपी पुसायची नाही. सप्लायरला हे चालू करून दाखवायला सांगा, ब्रोशरमधे लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. आणि याच्या जोडीला आम्ही अजूनही रोज संध्याकाळी फोन करून आकडा जुळवतो, तुमच्या रजिस्टरमधे ३७, आमच्याकडे ३७, बस्स. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि प्लीज, फिल्मचा मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सॲपवर "जरा बघता का" हा प्रकार चालू देऊ नका. सुरुवातीच्या कॅन्सरची खूण कधी कधी फक्त मिठाच्या कणासारखे बारीक कॅल्शियमचे ठिपके एवढीच असते, त्यातले कितीतरी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान, ते त्या फोटोत कुठे राहणार. रीडिंगचा मॉनिटर ५ मेगापिक्सेलचा लागतो तो याचसाठी, आणि वर सांगितलेली इमेज साडेतेरा मेगापिक्सेलची आहे म्हणजे त्या महागड्या मॉनिटरवरसुद्धा ती अख्खी एका वेळी पूर्ण तपशिलात मावत नाही, रीडरला झूम करून सरकवत बघावी लागते. घरच्या लॅपटॉपवर रिपोर्ट करून देतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नको म्हणा.

आता सेंट्रल रीडिंग का करायचं. लोकांना वाटतं की रेडिओलॉजिस्ट गावोगावी मिळत नाहीत म्हणून. ते आहेच, पण माझ्या मते त्याहून मोठं कारण सवयीचं आहे. हजार बायकांच्या स्क्रीनिंगमधे साधारण पाच ते आठ-नऊ कॅन्सर सापडतात, देशावर, वयावर आणि किती वर्षांनी बोलावता त्यावर अवलंबून. म्हणजे एखाद्या छोट्या सेंटरला वर्षाला ८०० मॅमोग्राम होत असतील तर तिथल्या रीडरला वर्षभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके कॅन्सर दिसणार, आणि सुटलेले कुठले ते तर कळणारही नाही. डोळा तयार होणार कसा? म्हणूनच ब्रिटनमधे स्क्रीनिंग वाचणाऱ्याने वर्षाला किमान ५००० वाचलेच पाहिजेत असा दंडक आहे, अमेरिकेत तोच २४ महिन्यांत ९६० आहे, केवढा फरक बघा. ब्रिटनचा कार्यक्रम १९८८ पासून चालू आहे, त्यात व्हॅन पहिल्यापासून आहेत, पण तेव्हा फिल्मचे डबे गाडीतून जायचे. एका फिल्मची एकच प्रत, ती ज्या टेबलावर आहे तिथेच वाचायची. डिजिटलमुळे ही एक प्रत कायमची सुटली, बाकी डिजिटल म्हणजे आपोआप जास्त कॅन्सर पकडतं असं सरसकट नाही. ४९ हजारांवर बायकांचा डीएमआयएसटी नावाचा मोठा अभ्यास २००५ साली आला त्यात एकूण फिल्म आणि डिजिटल बरोबरीचेच निघाले, फायदा दिसला तो पन्नाशीच्या आतल्या, पाळी चालू असलेल्या आणि दाट (चरबी कमी, ग्रंथी जास्त) स्तनांच्या बायकांमधे.

एकाच ठिकाणी वाचायचं म्हटल्यावर डबल रीडिंग परवडतं. दोन रीडर, दोघांनी एकमेकांचं न बघता मत द्यायचं, मतभेद झाला तर तिसरा किंवा दोघं मिळून. दुसऱ्याला पहिल्याचं उत्तर दिसत असेल तर ते डबल रीडिंग नव्हे, सहीवर सही आहे. सॉफ्टवेअरमधे हे लपवता येतं का ते आधी विचारा.

व्हॅनवरच्या टेक्निशियनबद्दल कुणी विचारत नाही म्हणून मीच लिहिते. इमेज चुकीची निघाली तर जगातला सगळ्यात हुशार रेडिओलॉजिस्ट काही करू शकत नाही. तिरक्या इमेजमधे छातीचा स्नायू निपलच्या लेव्हलपर्यंत खाली आला पाहिजे आणि स्तनाखालची घडी उघडी दिसली पाहिजे, नाहीतर मागचा भाग आलाच नाही असं समजायचं. बाई घाबरलेली असते, खांदा वर चढवून ठेवते, तिला "श्वास सोडा, खांदा माझ्यावर टाका" म्हणत एका हाताने धरायचं आणि पायाने पेडल दाबायचं, हे दिवसात ४० वेळा. दाब कमी दिला तर तिला बरं वाटतं पण इमेज धुरकट येते. काखेत डिओ किंवा पावडर असेल तर त्यातल्या कणांचे ठिपके इमेजवर येतात आणि थेट कॅन्सरच्या त्या कॅल्शियमसारखे दिसतात, आम्ही व्हॅनमधे ओल्या टिश्यूचं पाकीट टांगूनच ठेवलं होतं. दवाखान्यात टेक्निशियनला रेडिओलॉजिस्ट बाजूच्या खोलीतून ओरडून तरी सांगतो की हे परत काढ, व्हॅनवर ती एकटी असते, चूक तीन आठवड्यांनी कळते तोवर गाडी तिसऱ्या गावात. म्हणून पहिल्या दिवसापासून दर आठवड्याला रीडर आणि टेक्निशियनचा अर्ध्या तासाचा व्हिडिओ कॉल लावा, त्या आठवड्यातल्या पाच चांगल्या आणि पाच वाईट इमेज समोर ठेवून. आमच्याकडे हे सुरू झालं आणि परत काढाव्या लागणाऱ्या इमेज हळूहळू उतरल्या, नवीन मशीन न घेता.

जुन्या इमेज. सेंट्रल अर्काइव्हचा खरा पैसा इथे वसूल होतो. एक बाई आमच्याकडे रिकॉल झाली होती, डाव्या बाजूला एक बारीक पांढरट भाग, दोन्ही रीडरनी बोलवा म्हणून लिहिलं. ती रडत आली, तीन रात्री झोपली नव्हती, आणि डेस्कवर बोलता बोलता म्हणाली की अहो मी तर चार वर्षांपूर्वी याच व्हॅनमधे काढलं होतं. शोधलं तर सर्व्हरवर ती होती, पण नावाच्या स्पेलिंगमधे एका अक्षराचा फरक आणि जन्मसाल अंदाजे टाकलेलं, म्हणून सिस्टीमला ती दुसरीच बाई वाटली. जुनी इमेज शेजारी लावली, तो भाग चार वर्षांपूर्वी जसाच्या तसा होता. पाच मिनिटांत घरी! तेव्हा काहीही करा पण पहिल्याच भेटीत एक पक्का नंबर द्या, कार्डावर छापा, नावावर आणि वयावर जुळवाजुळव करू नका.

आता रिकॉल, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. ब्रिटनच्या कार्यक्रमात १०० पैकी साधारण ४ बायकांना पुढच्या तपासणीला बोलावतात आणि त्या चौघींत एकीला कॅन्सर निघतो. अमेरिकेत बोलावण्याचं प्रमाण १० च्या आसपास जातं. पहिल्या फेरीत ते नेहमीच जास्त असतं कारण तुलनेला जुनं काहीच नसतं. तुम्ही वर्षाला १०,००० बायकांचं लिहिलंय, म्हणजे अगदी शिस्तीत चाललं तरी ४०० जणी आणि सुरुवातीला ७००-८०० सुद्धा होतील, ज्यांना जादा इमेज, सोनोग्राफी आणि त्यातल्या बऱ्याच जणींना सुईने बायोप्सी (तपासायला बारीक तुकडा काढणं) लागेल. ही कुठे होणार? पॅथॉलॉजीचा रिपोर्ट किती दिवसांत? तुमच्या प्लॅनमधे व्हॅनची तीन पानं आहेत आणि याची एक ओळ, "जवळच्या हॉस्पिटलला रेफर". तिथे सगळं गळतं. इमेज रात्रीत पोचते, रिपोर्ट चार दिवसांत होतो, आणि बाई दोन महिने घरीच असते, कारण तिला कुणी नीट सांगितलेलंच नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली जे ब्रेस्ट कॅन्सरचं अभियान काढलं त्यात लक्षण घेऊन आल्यापासून ६० दिवसांच्या आत निदान पूर्ण व्हावं असं धरलंय, आणि निदान म्हणजे इमेजिंग, बायोप्सी, पॅथॉलॉजी सगळं आलं त्यात. ज्या बाईला आपणच घरातून बोलावून आणली तिला तर याहून जास्त ताटकळत ठेवायला तोंडच नाही आपल्याला.

फोन कोण करतं यानेही फार फरक पडतो. आमच्याकडे आधी एसएमएस जायचा, "आपला अहवाल अपूर्ण आहे, संपर्क साधावा." निम्म्या जणींना वाटायचं की फॉर्म अपूर्ण आहे. आता एक ठराविक नर्स फोन करते, पहिलं वाक्य ठरलेलं, "बोलावलेल्या चौघींत तिघींना काही निघत नाही, पण चौथीला लवकर कळावं म्हणून तुम्हाला यायचंय", आणि फोन ठेवण्याआधी तारीख आणि येण्याजाण्याची सोय पक्की करते. (हे चौघींचं प्रमाण तुमच्या फेरीचं बघून बदला, पहिल्या वर्षी ते दहात एक असू शकतं, खोटं सांगू नका.) रजिस्ट्रेशनलाच विचारून घ्या की हा फोन कुणाचा, कोण उचलतं, दुसऱ्याजवळ निरोप ठेवला तर चालेल का. आणि ज्या आल्या नाहीत त्यांची यादी दर सोमवारी एका माणसाच्या नावावर असली पाहिजे, डिपार्टमेंटच्या नावावर नको.

एआयचं विचारलंय. स्वीडनमधे ८० हजारांवर बायकांवर मासाई नावाची ट्रायल झाली, त्याचे पहिले आकडे २०२३ ला आले, एआयने धोका कमी-जास्त ठरवून बहुतेकींना एक रीडर आणि जास्त धोक्याच्यांना दोन असं केल्यावर वाचायचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं आणि कॅन्सर सापडण्यात घट झाली नाही, थोडे जास्तच सापडले. चांगलंच आहे. पण तिथे मुरलेला कार्यक्रम आणि अनुभवी रीडर आधीपासून होते आणि माणूस कुणीच काढून टाकला नव्हता. तुमच्याकडे मशीन वेगळं, बायकांचं वय वेगळं, तर आधी तुमच्याच वर्षभराच्या इमेजवर, ज्यांचं पुढे काय झालं ते माहितीये अशांवर, चालवून बघा. आणि वाचायचं काम हलकं झालं म्हणून बायोप्सीची रांग हलकी होत नाही हेही लक्षात ठेवा.

एक गोष्ट व्हॅनच्या दारावर मोठ्या अक्षरात लावा: गाठ लागते, निपलमधून रक्त येतं, कातडीला खळगा पडलाय, तर ही रांग तुमची नाही. त्या बाईला त्याच दिवशी डॉक्टरकडे चिठ्ठी द्यायची. मॅमोग्राममधे साधारण आठात एक कॅन्सर दिसतच नाही, आणि गाठ असलेल्या बाईच्या हातात "नॉर्मल" चा कागद पडला की ती वर्षभर निवांत बसते. जिथे व्हॅन पोचतच नाही तिथे शिकवलेल्या आरोग्य कार्यकर्तीने हाताने तपासणं हेही अगदीच टाकाऊ नाही, मुंबईत दीड लाख बायकांवर वीस वर्षं चाललेल्या अभ्यासाचे निकाल २०२१ ला आले त्यात कॅन्सर सुरुवातीच्या स्टेजला सापडले, ब्रेस्ट कॅन्सरच्या मृत्यूंमधला एकूण फरक ठोस म्हणण्याइतका नव्हता पण पन्नाशीच्या पुढच्यांत जवळपास ३० टक्के कमी दिसले.

मशीनच्या कंपनीचं नाव मी सांगणार नाही, जवळात जवळ कुणाचा इंजिनियर बसतो ते बघून घ्या. तुमच्याकडे सोनोग्राफी आणि बायोप्सीच्या आठवड्याला किती जागा मिळू शकतात तेवढा आकडा हॉस्पिटलकडून लेखी घेऊन इथे टाका. समजा १० मिळाल्या आणि शंभरात ७ रिकॉल धरले, तर आठवड्याला १४० बायकांच्या वर व्हॅन चालवायचीच नाही, म्हणजे तुमच्या ४० च्या हिशोबाने साडेतीन दिवस. उरलेल्या दीड दिवसात टेक्निशियनला इमेज बघू द्या आणि नर्सला फोन करू द्या.