भयकथा लिहिणाऱ्यांचं आयुष्य कसं असतं? त्यांना गोष्टी सुचतात की ते इंग्रजीतून उचलतात?

'उचलतात' हा शब्द वाचला आणि चहा तसाच निवला. हाच शब्द मला २००५ साली एका आंतर्देशीय पत्रात मिळाला होता, तांबड्या शाईत. तेव्हा हे उत्तर तुम्हाला कमी आणि त्या पत्राला जास्त आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आयुष्य कसं असतं? कंटाळवाणं. रत्नाकर मतकरींनी वीसेक वर्षं बँक ऑफ इंडियात नोकरी केली. दिवसा खातेवह्या, आणि उरलेल्या वेळात नाटकं, बालनाट्यं आणि त्या गूढकथा. (ते 'गूढकथा'च म्हणत. भूत दाखवून दचकवणं त्यांना पुरेसं वाटत नसे.) नारायण धारप शिक्षणाने रसायनवाले. तिकडे इंग्लंडात एम. आर. जेम्स हा केंब्रिजचा विद्वान, जन्मभर जुन्या हस्तलिखितांच्या याद्या करत बसलेला. नाताळात मित्रमंडळी जमली की मेणबत्तीच्या उजेडात स्वतःची नवी भूतकथा वाचून दाखवायची, ही त्याची चैन. मी पाटबंधारे खात्यात लेखनिक होतो आणि माझ्या नावावर जेमतेम अकरा कथा आहेत, त्यामुळे या रांगेत मी उभा राहत नाही. पण कंटाळ्याच्या बाबतीत त्यांच्या तोडीस तोड.

आता प्रेरणा. १९७६चा मार्गशीर्ष, मी अकरा वर्षांचा. मिरजेत आमचा जुना वाडा, माजघराच्या मागे बाळंतिणीची खोली. अंधारी, एक झरोका सोडला तर उजेड नाही. त्या खोलीत आजी दोन वर्षं पडून होती. उजवी बाजू अर्धांगवायूने गेलेली, डाव्या हातात मात्र विलक्षण जोर. सुपारी कातरणं कधीच संपलं होतं, पण अडकित्ता तिने सोडला नव्हता. उशाखाली ठेवायची आणि हाक मारायच्या ऐवजी वाजवायची. एकदा कट् म्हणजे पाणी. दोनदा म्हणजे कूस बदला. तीनदा वाजला तर आई हातातलं टाकून धावायची.

दत्तजयंतीला सगळे नरसोबाच्या वाडीला गेले. मला गालगुंड झालेलं, म्हणून मी घरी. शेजारच्या काकू मधूनमधून डोकावणार होत्या, पण त्यांच्याकडे ऐन वेळी पाहुणे आले. संध्याकाळी वीज गेली. मी कंदील लावला, आजीच्या उशाशी नेऊन ठेवला. तिने एकदा कट् केलं. मी पाणी पाजलं. तिने अडकित्ता खाली ठेवला आणि माझं मनगट धरलं.

धरलं ते सोडलंच नाही. आधी वाटलं, सोडेल. मग तिचा डोळा लागला तरी पकड तशीच. निलगिरीचा वास, कंदिलाची काजळी, गालफडं ठणकताहेत, आणि वाडीची शेवटची एसटी चुकली असणार हे मला एव्हाना कळलेलं. तास गेला की दोन, सांगता येत नाही. त्या अंधारात माझ्या मनात एक विचार आला. लिहायला आजही जड जातं. ही आत्ता गेली तर हात सुटेल.

आजीने डोळे उघडले. माझ्याकडे न बघता, वर आढ्याकडे बघत, अगदी शांतपणे म्हणाली, "एवढ्यात नाही रे."

बस, इतकंच घडलं. बहुतेक ती घरच्यांच्या परतण्याबद्दल बोलत असावी. रात्री उशिरा सगळे ट्रकमधून परत आले, आईने तिची बोटं एकेक करून सोडवली, मला गरम दूध मिळालं. आजी पुढे सव्वा वर्ष जगली. त्या सव्वा वर्षात मी एकटा त्या खोलीत गेलो नाही आणि का जात नाही ते कुणाला सांगितलं नाही.

२००४च्या एका दिवाळी अंकात मी त्यावर कथा लिहिली. नावं बदलली, गाव बदललं, वाडा काढून चाळ घातली. कथेत म्हातारी मरते आणि अडकित्ता वाजत राहतो. मानधन तीनशे रुपये, ते पुढच्या दिवाळीला मिळालं.

आणि मग धाकट्या काकांचं पत्र. काका शाळेत मराठी शिकवायचे. पत्रात दोन आरोप होते. पहिला: तू माझ्या आईची हडळ केलीस, घरातलं दुखणं चव्हाट्यावर मांडलंस. दुसरा: ही कथा तुझी नाहीच, धारपांच्या 'आजी'वरून उचलली आहेस, आणि धारपांनी ती इंग्रजीतून उचलली, तुमचा सगळा प्रपंच उसनवारीवर. त्यानंतर माझ्या मुलीच्या लग्नाला ते आले नाहीत.

आता मला सांगा, हे दोन्ही एकदम खरं कसं असेल? एक तर मी घरातलं उघड केलं, नाहीतर परक्याचं चोरलं. आठवीच्या पोराच्या निबंधात असली विसंगती दिसली असती तर काकांनीच त्याला बाकावर उभं केलं असतं. हा मुद्दा मी त्यांना उलटटपाली लिहिणार होतो. लिहिला नाही. म्हणून आज इथे.

बाकी धारपांबद्दल काकांची माहिती चूक नव्हती. 'आजी' अमेरिकन लेखक स्टीफन किंगच्या 'ग्रामा' या कथेवर बेतलेली आहे, आणि जुना अमेरिकन भयकथाकार लव्हक्राफ्ट याचं ऋण तर धारपांच्या पानापानावर दिसतं. मूळ गोष्टीचं नाव पहिल्याच पानावर छापावं, या मताचा मी आहे. पण उगम शोधायचाच तर पुरता शोधा. किंग लहान असताना त्याची आई मेन राज्यातल्या डरहॅम गावी आपल्या थकलेल्या आईवडिलांचं सगळं करत होती. म्हणजे तिथेही घरात म्हातारी होतीच. पुढे १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने राही अनिल बर्वेला, पुढे जो सिनेमाचा दिग्दर्शक झाला त्याला, धारपांची गोष्ट सांगितली. बर्वे इतका टरकला की त्यातून पंचवीस वर्षांनी, २०१८ साली, 'तुंबाड' हा त्याचा चित्रपट पडद्यावर आला. नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून, आजी धारपांची, आणि पाऊस, वाडा, हाव हे सगळं आपल्या कोकणातलं. कुणी कुणाचं काय उचललं, ते बसा मोजत. मेनमधल्या म्हातारीला घाबरणारा वाचक मिरजेत का सापडतो, हे काकांनी कधी विचारलं नाही. दारामागे पडून असलेलं माणूस, त्याचं करता करता थकलेली घरची बाई आणि 'सुटू दे आता' हे मनातल्या मनात म्हणणारं पोर दोन्हीकडे असतं, म्हणून.

तुम्हाला लिहायचं असेल तर धारप वाचाच, पण त्यांचे भुताखेतांशी लढणारे नायक 'समर्थ' येऊन सगळं निस्तरतात त्या गोष्टी आधी नकोत, त्या फार सुखरूप वाटतात. मतकरींचा 'खेकडा' आधी घ्या. स्मशान, अमावास्या, पांढरी साडी यांच्या वाटेला जाऊ नका. स्वतःच्या घरातली जी खोली तुम्ही टाळता ती घ्या. आणि छापून येण्याआधी नातेवाइकांना दाखवू नका. छापून आल्यावरही नको.

हां, 'आयुष्य कंटाळवाणं' हे मी सरसकट बोलून गेलो. अमेरिकन भयकथाकार एडगर ॲलन पोची आई तो तीन वर्षांचा व्हायच्या आत गेली आणि तरुण बायको क्षयाने गेली, १८४७ साली. त्याला कंटाळवाणं म्हणायची माझी छाती नाही. आणि काकांच्या पहिल्या आरोपाचंही सांगून टाकतो: नावं बदलली, गाव बदललं, पण अडकित्ता मी तसाच ठेवला होता. तेवढ्यावरून त्यांनी आपल्या आईला ओळखलं. तो मी बदलायला हवा होता का? बदलला असता तर कथा उरली नसती.

काका चार वर्षांपूर्वी गेले. तेराव्याला चुलतभावाने तो दिवाळी अंक माझ्या हातात दिला, काकांच्या कपाटातला. माझ्या कथेवर तांबड्या पेन्सिलीने ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेलं, एकूण सतरा ठिकाणी. अडकित्त्याच्या मुठी पितळी असल्याचं मी लिहिलं होतं, तिथे 'पितळी' खोडून समासात 'लोखंडी'.

पितळीच आहेत. अडकित्ता माझ्याकडे आहे.