गोवंडीतल्या शाळेसाठी गणित-विज्ञानाचे शिक्षक: निवड आणि पहिलं वर्ष

तुमचा प्रश्न असा आहे: गोवंडीतली अनुदानित मराठी शाळा, मुलं बहुतेक वस्तीतली, नववी-दहावीसाठी गणित आणि विज्ञानाची एकेक जागा भरायची आहे. संस्थेला भीती वाटते की चांगले उमेदवार येणार नाहीत आणि आले तरी टिकणार नाहीत. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं, नंतर बरीच वर्षं निवड समित्यांवर बसले. त्या अनुभवावरून लिहिते.

आधी निवडीबद्दल. शिक्षक भरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवर संस्थांना मुलाखतीसह भरतीचा पर्याय आहे, तो घ्या. तुमच्याकडे येणारी नावं शिक्षक भरतीसाठी राज्य घेतं त्या अभियोग्यता चाचणीच्या गुणांवरून येतात. 200 गुणांच्या त्या परीक्षेत 120 गुण अभियोग्यतेला आणि 80 बुद्धिमत्तेला. समोरच्याला बीजगणित शिकवता येतं का, हे त्यातून कळायला मार्ग नाही. सहावी ते आठवीसाठी निदान टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आहे; तिच्या दुसऱ्या पेपरात 150 पैकी 60 गुण गणित-विज्ञानाला असतात. नववी-दहावीच्या शिक्षकाला आजच्या नियमात टीईटीही लागत नाही. म्हणजे पदवी सोडली तर विषयाची पारख होण्याची एकमेव जागा तुमची मुलाखत. महापालिकेच्या शाळांना तीही मिळत नाही, त्यांची भरती मुलाखतीशिवाय होते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्यक्ष पाठ किंवा मुलाखत हा भरतीचा भाग असावा असं स्पष्ट लिहिलं आहे, आणि मला ते मनापासून पटतं.

पण पाठ घ्यायला सांगितलं की उमेदवार पायथागोरसचं प्रमेय रंगीत तक्त्यासकट घोटून येतो. त्यातून फक्त आवाज आणि फळ्यावरचं अक्षर कळतं. त्याऐवजी तुमच्याच मुलांच्या वह्यांतल्या चुका समोर ठेवा. एकाने 1/2 + 1/3 = 2/5 लिहिलंय. दुसरी म्हणते 0.35 हे 0.4 पेक्षा मोठं. विचारा, या मुलाच्या डोक्यात काय चाललंय आणि तुम्ही आता काय कराल? ‘लसावि काढायला सांगेन’ हे उत्तर सगळेच देतात. एखादीच उमेदवार म्हणते, ‘मी आधी विचारीन, 2/5 मोठं की 1/2? अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं?’ ती मुलगी घ्या. तिचे बीएस्सीचे गुण दुसऱ्यापेक्षा पाच टक्क्यांनी कमी असले तरी घ्या. विज्ञानासाठी मी विचारायचे: कुंडीतल्या रोपाचं वजन वाढलं, तो माल कुठून आला? मुलं ‘मातीतून’ म्हणतात, आणि पदवीधरांपैकीही कितीतरी जण तेच म्हणतात. हवेतला कार्बन डायॉक्साइड हे उत्तर माहीत असणं ही पहिली पायरी. मुलांना ते पटणार कसं, हे सुचणं ही शिक्षकाची खरी कसोटी. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी 1986 मध्ये हाच फरक मांडला होता: विषय येणं वेगळं आणि तो विषय दुसऱ्याला कुठे अडतो हे ओळखता येणं वेगळं.

उमेदवार शोधायला जाहिरातीची वाट बघू नका. दोन वर्षांच्या बीएडमध्ये 20 आठवड्यांचा शालेय अनुभव असतो. बरेच छात्राध्यापक (बीएडचे विद्यार्थी) तो कॉलेजजवळच्या, सोयीच्या शाळेत पुरा करतात. चेंबूर, घाटकोपर, वाशीकडच्या अध्यापक महाविद्यालयांना पत्र लिहा की गणित-विज्ञानवाले आमच्याकडे पाठवा, आम्ही त्यांच्यासोबत आमचा अनुभवी शिक्षक देऊ. ज्यांनी एवढे आठवडे तुमच्या वर्गात काढले त्यांना वस्तीची धास्ती राहत नाही आणि तुम्हालाही माणूस कळलेला असतो. नियमानुसार नाव पोर्टलवरूनच येणार हे खरं, पण तुमच्या शाळेला पसंतीक्रमात वर ठेवणारे चार जण तरी तयार होतील.

आता टिकण्याबद्दल. अमेरिकेतल्या गरीब शहरी वस्त्यांच्या शाळांनाही हीच अडचण आहे. तिथले शिक्षण-संशोधक रिचर्ड इंगरसोल यांनी आकडेवारीवरून दाखवलं की तिथे तुटवड्याचं मोठं कारण निवृत्तीच्या आधीच शाळा सोडून जाणारे शिक्षक हे आहे. बॉस्टनमध्ये 2003 पासून नव्या शिक्षकाला आधी वर्षभर अनुभवी शिक्षकाच्या वर्गात ठेवून घडवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. आपल्याकडे ते जसंच्या तसं जमणार नाही, कारण रुजू झाला त्या दिवसापासून तास घ्यावेच लागतात. पण वेळापत्रक तुमच्या हातात आहे. नव्या शिक्षकाला एकाच इयत्तेच्या दोन-तीन तुकड्या द्या, म्हणजे सोमवारी फसलेला पाठ मंगळवारी सुधारून घेता येतो. पहिल्या वर्षी दहावी देऊ नका. आठवड्यातून एक तास त्याने ज्येष्ठ शिक्षकाचा वर्ग बघावा आणि एक तास ज्येष्ठाने त्याचा, तोही शेरे न लिहिता. हे तास वेळापत्रकात छापलेले हवेत, नाहीतर ऑफ तासाला बदली तास येतोच.

होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र तुमच्या शेजारी मानखुर्दला आहे. 1974 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने मुंबईतल्या महापालिका शाळांतल्या मुलांबरोबर काम केलं, आणि पाठ्यपुस्तकी भाषा सोपी केली की मुलांना विज्ञान जास्त समजतं हेही अभ्यासून दाखवलं. घरी हिंदी किंवा दख्खनी बोलणाऱ्या तुमच्या मुलांना हे दुप्पट लागू आहे. नव्या शिक्षकांना तिथल्या कार्यशाळांना पाठवा, आणि तो दिवस कामावरचा धरा.

पैशाचं स्पष्ट बोलते. माध्यमिकच्या शिक्षण सेवकाला, म्हणजे नव्याने नेमलेल्या शिक्षकाला, पहिली तीन वर्षं दरमहा 18,000 रुपये मानधन असतं. 2023 पर्यंत ते 8,000 होतं. मुंबईत भाडं भरून त्यात राहणं अवघड, आणि कोचिंग क्लासवाले गणिताच्या माणसाला सहज जास्त देतात. संस्थेकडे देणगीचा पैसा असेल तर स्मार्ट बोर्डाआधी या दोघा नव्या शिक्षकांच्या राहण्याची किंवा प्रवासाची सोय करा. प्रयोगशाळेत परीक्षेचे गठ्ठे आणि मोडकी बाकं भरलेली असतील तर तेही ते रुजू होण्याआधी हलवा.

आणि संचमान्यता (विद्यार्थिसंख्येनुसार पदांची मंजुरी) आणि बिंदुनामावलीची (पदांच्या आरक्षणाच्या नोंदवहीची) तपासणी आत्ताच पूर्ण करून घ्या. ती झाल्याशिवाय पोर्टलवर तुमची जाहिरात येणार नाही, आणि पुढची फेरी कधी निघेल याचा भरवसा नसतो: अभियोग्यता चाचणी 2017 नंतर थेट 2023 मध्ये झाली होती.