आरोग्य-प्रश्नोत्तरे : स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर जखम भरत नसेल तर

प्रश्न : माझे वय ५४ वर्षे असून मला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. पाच आठवड्यांपूर्वी कर्करोगासाठी माझा उजवा स्तन आणि काखेतील गाठी काढल्या. दुसऱ्या आठवड्यात टाक्यांजवळची कातडी काळी पडली. पुढे डॉक्टरांनी ती कापून काढली आणि आता तेथे दोन बोटे रुंद उघडी जखम आहे. एक दिवसाआड ड्रेसिंग चालू आहे. जखम भरेपर्यंत केमोथेरपी थांबवली आहे, आणि तोवर आजार पुन्हा वाढेल या भीतीने झोप लागत नाही. सासूबाई मला डाळ, अंडी आणि आंबट खाऊ देत नाहीत; त्याने जखमेत पू होतो, असे त्या म्हणतात. मला सकाळ-संध्याकाळ मिश्री लावण्याची सवय आहे. तेवढ्याने काही बिघडते का?
— एक भगिनी, धायरी

उत्तर : काळी पडलेली कातडी म्हणजे कर्करोग नव्हे, आणि ती काळी पडली म्हणजे शस्त्रक्रिया चुकली, असेही नाही. स्तन काढताना वरची कातडी खालच्या भागापासून सोडवून घ्यावी लागते. कर्करोगाचा अंश मागे राहू नये म्हणून तिच्याखाली चरबीचा पातळच थर ठेवतात, त्यामुळे तिला रक्त मिळते ते केवळ कडेकडेने. टाक्यांची रेघ या रक्तपुरवठ्याच्या अगदी शेवटी येते आणि रक्त कमी पडले की पहिला फटका तेथेच बसतो. कोणता भाग जगणार आणि कोणता नाही, हे स्पष्ट व्हायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. म्हणून डॉक्टर काळा भाग लगेच न कापता वाट पाहतात. घरच्यांना हा हलगर्जीपणा वाटतो, पण बहुतेक वेळा तो जाणूनबुजून धरलेला धीर असतो.

आता आपल्या हातात काय आहे, ते पाहू. जखमेपर्यंत पुरेसे आणि चांगले रक्त पोहोचले, तरच ती भरते, आणि या दृष्टीने पाहिले तर आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न शेवटचा आहे. मिश्री आजच बंद करा. भाजलेली असली, तरी ती तंबाखूच आहे. हिरड्यांवाटे तिच्यातील निकोटीन रक्तात उतरते आणि त्यामुळे नेमक्या त्याच बारीक रक्तवाहिन्या आकसतात, ज्यांच्यावर आपली जखम अवलंबून आहे. डॉक्टरांनी तंबाखूबद्दल विचारले की मिश्री लावणाऱ्या अनेक बायका मनापासून ‘नाही’ म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ती दात घासायची वस्तू असते. आपणही शस्त्रक्रियेपूर्वी हे सांगितले नसेल, तर आता संकोच न करता सांगा. मिश्री सोडल्यावर काही दिवस पोट साफ होत नाही, डोके दुखते, चिडचिड होते. त्यावर औषध मिळते, पुन्हा मिश्री लावणे हा उपाय नव्हे.

सासूबाईंची काळजी खरी आहे, पण पथ्य उलटे आहे. डाळीने, अंड्याने किंवा आंबटाने पू होत नाही; पू जंतूंमुळे होतो. नवे मांस तयार व्हायला प्रथिने लागतात आणि जखम भरण्याच्या काळात दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे सांगितले जाते. म्हणजे ६० किलो वजनाच्या बाईला साधारण ७० ते ९० ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम आणि पेलाभर दुधात जवळपास तेवढीच प्रथिने असतात. यावरून पोळी, भाजी आणि पातळ वरण एवढ्या जेवणावर हा आकडा का गाठता येत नाही, हे लक्षात येईल. मटकीची उसळ, घट्ट वरण, दही, पनीर, अंडी आणि चालत असेल तर मासे किंवा चिकन यांपैकी काहीतरी प्रत्येक खाण्यात असू द्या. मात्र मधुमेहामुळे मूत्रपिंडांवर परिणाम झालेला असेल, तर प्रथिनांचे प्रमाण आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आवळा आणि लिंबू तर अवश्य घ्या, कारण जखम जोडणारे तंतू बनायला क जीवनसत्त्व लागते. उपवास सध्या ठेवू नयेत. साबुदाण्याच्या खिचडीने साखर झपाट्याने वाढते आणि त्या मानाने प्रथिने फारशी मिळत नाहीत.

साखरेबद्दल थोडक्यात सांगतो. ती सतत चढी राहिली की पांढऱ्या पेशींची जंतूंशी लढण्याची ताकद कमी होते. म्हणून या काळात घरच्या यंत्रावर रोज साखर तपासावी. आकडे वारंवार १८० च्या वर जात असतील, तर मधुमेहाच्या डॉक्टरांना ते दाखवून औषध बदलून घ्यावे. काही आठवड्यांपुरते इन्सुलिन सुचवले, तर त्याला नकार देऊ नये.

ड्रेसिंगसाठी प्रत्येक वेळी सिंहगड रस्त्यावरच्या गर्दीतून रुग्णालय गाठण्याची गरज नसते. शल्यचिकित्सकांकडून कोणते ड्रेसिंग, कशाने आणि किती दिवसांनी करायचे, हे लिहून घ्या, धायरीतच एखाद्या प्रशिक्षित परिचारिकेकडून किंवा दवाखान्यात ते करून घ्या आणि आठवड्यातून एकदा मूळ डॉक्टरांना दाखवा. जखमेत हळद, राख किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड घालू नका. ‘वाऱ्यावर सुकू द्या’ हा सल्लाही ऐकू नका, कारण उघडी जखम किंचित ओलसर राहिली तरच कडेची कातडी तिच्यावरून पुढे सरकते. तळाशी लालबुंद, दाणेदार आणि हात लागताच थोडे रक्त येणारे मांसांकुर दिसत असतील, तर ते उत्तम लक्षण आहे. त्यावर दिसणारा पिवळसर चिकट थर दरवेळी पू असतोच, असे नाही; तो काढायचा की ठेवायचा, हे डॉक्टर ठरवतील. परिचारिकेला दर आठवड्याला जखमेशेजारी पट्टी धरून मोबाइलवर छायाचित्र काढायला सांगा. दोन-तीन आठवड्यांत माप कमी झाले नाही, तर हवा शोषणारे ‘व्हॅक्यूम’ ड्रेसिंग, पुन्हा टाके घालणे किंवा मांडीची कातडी लावणे यांविषयी आपण स्वतःहून विचारावे.

केमोथेरपीबाबतची आपली भीती समजण्यासारखी आहे, पण अजून उशीर झालेला नाही. ती साधारणपणे शस्त्रक्रियेनंतर ४ ते ६ आठवड्यांत सुरू करतात. तीन महिन्यांच्या पलीकडे मात्र जाऊ नये, असा प्रयत्न असतो. केमोने पांढऱ्या पेशी कमी होतात आणि उघड्या जखमेतून जंतुसंसर्ग पसरण्याचा धोका वाढतो, म्हणून थांबायला सांगितले आहे. तरीही जखम पूर्ण कोरडी होईपर्यंत थांबलेच पाहिजे, असा नियम नाही. ती लहान, स्वच्छ आणि लाल असेल, तर काही वेळा उपचार सुरू करतात. शल्यचिकित्सक आणि केमो देणारे डॉक्टर वेगवेगळ्या ठिकाणी बसत असतील, तर ‘ते सांगतील तेव्हा’ या उत्तरात रुग्णाचे आठवडे निघून जातात. म्हणून दोघांनी एकमेकांशी बोलून संभाव्य तारीख द्यावी, असा आग्रह धरा. शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाली असेल, तर पुढच्या उपचारांच्या मंजुरीचे आरोग्यमित्राकडे (रुग्णालयातील योजनेच्या मदतनिसाकडे) आताच विचारून ठेवा, म्हणजे जखम भरल्यावर कागदपत्रांसाठी थांबावे लागणार नाही.

ताप १००.४ अंशांच्या वर गेला, लाली पसरत गेली, दुर्गंधी येऊ लागली किंवा रक्त थांबेना, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जा.

प्रश्न : माझ्या पत्नीची हीच शस्त्रक्रिया झाली. नळी काढल्यानंतर काखेखाली पाणी साठते. दोनदा सुईने काढले, तरी पुन्हा भरते. आजार पसरला असेल का? हात हलवणे बंद करावे का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : काढलेल्या भागाच्या पोकळीत लसिकाद्रव, म्हणजे शरीरातून पाझरणारे पाण्यासारखे द्रव, साठतो. हे या शस्त्रक्रियेनंतर नेहमी दिसणारे आहे आणि त्याचा आजार पसरण्याशी संबंध नाही. फुगवटा लहान आणि मऊ असेल, तर तो काही आठवड्यांत शरीरातच जिरतो. प्रत्येक वेळी सुई घातल्याने जंतू आत जाण्याची शक्यता थोडी वाढते, म्हणून ताण किंवा दुखणे असेल तेव्हाच पाणी काढणे बरे. त्या जागी लाली, गरमपणा किंवा ताप असेल, तर मात्र लगेच दाखवा. हात पूर्ण बांधून ठेवला, तर खांदा आखडतो आणि पुढे रेडिएशनच्या वेळी हात वर धरणे अवघड जाते. केस विंचरणे, भिंतीवर बोटे चालवत हात वर नेणे असे हलके व्यायाम डॉक्टरांनी सांगितलेल्या उंचीपर्यंत रोज चालू ठेवावेत. भरलेली बादली, कणीक तिंबणे आणि दुचाकी चालवणे सध्या टाळावे.